औपचारिक लष्करी गणवेशावर नेमप्लेट: लावायची की काढायची, आणि लावायची तर कशी

सर्व्हिस ड्रेसवर नेमप्लेट असते, मेस ड्रेसवर नसते. घाईत असाल तर एवढं पुरे. पण या दोहोंच्या मध्ये बसणारे बरेच ड्रेस आहेत, आणि लावायची ठरली तरी ती नीट लावणं हे वेगळंच काम आहे. बटणं चकचकीत, रिबनची (पदकांऐवजी लावायच्या रंगीत पट्ट्यांची) ओळ सुतासारखी, आणि नेमप्लेट मात्र एका अंगाला कललेली, असा कोट कोणत्याही समारंभात दिसतो.

आधी ड्रेस ठरवा, मग प्लेट

घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. दिवसा परेडला, कार्यालयात किंवा अधिकृत भेटीला घालायचा कोट-टायचा सर्व्हिस ड्रेस आणि रात्रीच्या मेजवानीचा आखूड जॅकेटचा मेस ड्रेस, दोघांनाही लोक ‘फॉर्मल’ म्हणतात. निमंत्रणात किंवा आदेशात ड्रेसचं नेमकं नाव किंवा क्रमांक दिलेला असतो, तो धरून चला. नसेल तर यजमान युनिटचं कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे तिथल्या अ‍ॅडज्युटंटला विचारा. शेजारच्याने काय घातलंय ते बघून ठरवू नका, त्यानेही तुमच्याकडे बघूनच ठरवलेलं असू शकतं.

मग आपल्या दलाची ड्रेस नियमावली उघडा आणि त्या ड्रेसचा परिच्छेद वाचा. बरेच जण थेट नेमप्लेटचा परिच्छेद काढतात आणि फसतात, कारण तिथे प्लेट कशी लावायची ते सापडतं, पण ती या ड्रेसवर चालते की नाही हे ड्रेसच्या सोबत दिलेल्या साहित्याच्या यादीवरून कळतं. यादीत नेमप्लेट नसेल तर लावायची नाही असंच धरा. गणवेशाच्या बाबतीत ‘मनाई लिहिलेली नाही’ म्हणजे परवानगी नव्हे.

मेस ड्रेसवर नाव का नसतं, हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मेस ड्रेस हा साध्या माणसाच्या डिनर जॅकेटचा लष्करी भाऊ आहे. मेजवानीला आलेला पाहुणा कोटावर नाव लावून फिरत नाही. यजमान ओळख करून देतो, टेबलावर नावाचं कार्ड असतं. शिवाय जॅकेट उघडं, लेपल (कॉलरखालची दुमडलेली कड) रुंद आणि डाव्या बाजूला छोटी पदकं, त्यामुळे प्लेटला सपाट जागाच उरत नाही. अमेरिकी सैन्य आणि हवाई दल दोघांच्याही मेस ड्रेसवर नेमप्लेट नसते. अमेरिकी हवाई दलात तर तोच निळा सर्व्हिस कोट पांढऱ्या शर्टवर ‘सेमी-फॉर्मल’ म्हणून घातला की नेमटॅग (तिथली नेमप्लेट) उतरवायचा असतो. कोट तोच, प्रसंग बदलला.

काही दलं याहून कडक आहेत. अमेरिकी मरीन कोअरच्या ब्लू ड्रेसवर नावाची पट्टी नसते. लंडनला राजवाड्याबाहेर पहारा देणाऱ्या फूट गार्ड्सच्या लाल ट्युनिकवरही नसते. अशा ड्रेसमध्ये सगळ्यांनी एकसारखं दिसावं, माणूस नव्हे तर रेजिमेंट दिसावी, हा हेतू असतो. आमच्या मते हेच योग्य आहे. ज्या ड्रेसमध्ये ओळख रेजिमेंटची आहे, तिथे प्लास्टिकची पट्टी डोळ्यात खुपते.

जागेचाही प्रश्न असतो. अमेरिकी नौदलाच्या फुल ड्रेसवर डाव्या बाजूला मोठी पदकं लागतात, आणि ज्या सन्मानांना पदक नाही, फक्त रिबन आहे, त्या रिबनी उजव्या छातीवर जातात. मरीनच्या मोठ्या पदकांच्या ब्लू ड्रेसवरही तसंच. नेमप्लेटची नेहमीची जागा आधीच भरलेली असते. नेमप्लेट बहुतेक दलांत उजवीकडे असते, भारतीय सैन्यातही. डावी बाजू पदकांची आहे.

नाटक, चित्रपट किंवा प्रदर्शनासाठी जुना गणवेश उभा करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या ड्रेस कोटावर काळी प्लास्टिकची नेमप्लेट लावली की जाणकार बाकी काही बघतच नाही. त्या काळात नाव दिसतं ते वैमानिकांच्या ए-२ जॅकेटवरच्या चामडी पट्टीवर, आणि ते फ्लाइट जॅकेट आहे, ड्रेस कोट नाही.

प्लेट कशी करून घ्यायची

मापं दलागणिक बदलतात, म्हणून एक नमुना घेऊ. अमेरिकी सैन्याची नियमावली, एआर ६७०-१ आणि तिच्या जोडीची पुस्तिका, नेमकी लिहिलेली आहे. प्लेट काळी लॅमिनेटेड प्लास्टिकची, ३ इंच लांब, १ इंच उंच, १/१६ इंच जाड, म्हणजे साधारण ७६ × २५ × १.६ मिमी. कडेची पांढरी रेघ १/३२ इंचापेक्षा जाड नको. अक्षरं कोरलेली, पांढरी, ठोकळ, ३/८ इंच (९.५ मिमी) उंचीची, मधोमध. फक्त आडनाव. हुद्दा नाही, आद्याक्षरं नाहीत.

कोरणाऱ्याला ऑर्डर देताना अडचण येते ती लांब आडनावाची. ९.५ मिमी उंचीच्या ठोकळ रोमन अक्षराला मोकळी जागा धरून सुमारे ८ मिमी लागतात. दोन्ही कडांना थोडी जागा सोडली की आठ-नऊ अक्षरं आरामात बसतात. त्यापुढे कोरणारा आपणहून उंची कमी करतो, आणि मग रांगेत एकच प्लेट बारीक अक्षरांची दिसते. उंची तीच ठेवून अक्षरं अरुंद करायला सांगा. कोरण्याआधी नाव कागदावर छापून घ्या आणि स्पेलिंग ओळखपत्राशी ताडून बघा. कोरलेलं अक्षर खोडता येत नाही.

प्लेट एका वेळी दोन करून घ्या. क्लचचे, म्हणजे पिनेला मागून लावायच्या चापाचे, चार-सहा जादा तुकडेही घ्या, कारण हरवतात ते क्लच.

जागा मोजणं

कोट हँगरवर किंवा टेबलावर ठेवून मोजू नका. छाती भरली की उजवा खिसा सरकतो आणि फ्लॅपचा (खिशाच्या झाकणाचा) कल बदलतो. कोट घाला, सगळी बटणं लावा, खिसे रिकामे ठेवा, सरळ उभे राहा आणि मापं दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या. आरशात बघून स्वतः लावली की हमखास तिरकी होते, कारण हात वर उचलला की कोटही वर चढतो.

फ्लॅपचा खिसा असेल तर अमेरिकी सैन्याच्या पुरुषांच्या कोटावर प्लेट उजव्या खिशाच्या फ्लॅपवर येते: आडवी मधोमध, आणि उभ्यात खिशाची वरची शिवण आणि काजाचं वरचं टोक यांच्या मध्यावर. फ्लॅपची खालची कड टोकदार किंवा लाटेसारखी असते, तिच्याशी समांतर करायला गेलात तर फसाल. वरची सरळ शिवण हाच आधार. फ्लॅपच्या डाव्या आणि उजव्या टोकापासून प्लेटपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा. दोन्ही एक मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे.

स्त्रियांच्या कोटावर तोच नियम कोटाचं वरचं बटण धरून सांगितला आहे: बटणाच्या वर १ ते २ इंच, उजव्या बाजूला, आडवी. अंगयष्टीप्रमाणे थोडं वरखाली करायची मुभा आहे. ती घ्याच. छातीच्या उतारावर प्लेट बसली की वरची कड पुढे येते, अक्षरांवर दिव्याची तिरीप पडते आणि नाव वाचताच येत नाही.

उजव्या बाजूला खिसाच नसेल, उदाहरणार्थ अमेरिकी हवाई दलाच्या सर्व्हिस कोटावर, तर आधार डावीकडून घ्यायचा. तिथला धातूचा नेमटॅग लेपल आणि बाहीची शिवण यांच्या मधोमध असतो, आणि त्याची खालची कड रिबनच्या सगळ्यात खालच्या ओळीशी समांतर असते. म्हणून आधी रिबनचा रॅक (सगळ्या रिबनी एकत्र बसवलेली पट्टी) पक्का करा, मगच नाव लावा. उलट केलंत तर नवं पदक मिळून रॅक बदलला की दोन भोकं वाया.

प्लेटच्या वर जे जातं त्याची जागाही आत्ताच सोडा. अमेरिकी सैन्यात युनिटला मिळालेले सन्मान उजव्या खिशाच्या वर १/८ इंच, आणि रेजिमेंटचं चिन्ह खिशाच्या वर १/८ इंच, किंवा सन्मान असतील तर त्यांच्या वर १/४ इंच. या सगळ्यांची मध्यरेघ एकच हवी. खिशाच्या मध्यावर खडूची एक उभी बारीक रेघ ओढा आणि सगळं तिच्यावर बसवा.

टोचणं

प्लेटच्या मापाचा पातळ पुठ्ठा कापा. प्लेटच्या पिना त्यावर दाबून दोन भोकं पाडा. हा साचा कोटावर ठरल्या जागी धरा, तीन पावलं मागे जाऊन बघा, आणि मगच भोकांतून खडूचे ठिपके द्या. थेट पिन खुपसून ‘जमतंय का’ बघणाऱ्यांच्या फ्लॅपची दोन महिन्यांत चाळण होते. लोकरी कापडाची भोकं वाफ देऊन नखाने घासली की बरीचशी मिटतात, कृत्रिम धाग्याच्या घट्ट विणीत ती दिसत राहतात.

आता फ्लॅप उचला, त्याच्या मागे जाड पुठ्ठा सरकवा आणि पिन फक्त फ्लॅपमधून जाऊ द्या. पिन फ्लॅपसकट कोटाच्या अंगात गेली तर खिसा उघडत नाही, आणि माणूस हलला की कोट प्लेटला ओढतो. संध्याकाळपर्यंत ती तिरकी झालेली असते. मागून क्लच लावण्याआधी बक्रमचा (कॉलरच्या आत घालतात त्या कडक कापडाचा) प्लेटपेक्षा जरा लहान तुकडा पिनांवर चढवा. यामुळे प्लेट पुढे झुकत नाही आणि कापडही क्लचमध्ये चुरगळत नाही. एवढा एक तुकडा निम्म्या तक्रारी मिटवतो.

पितळी क्लच वापरून ढिले होतात. दोन्ही पाकळ्या न दाबता नुसता ओढून क्लच निघत असेल तर तो फेकून द्या. पिन क्लचच्या बाहेर डोकावत असेल तर पक्कडीने कापा आणि टोक कानशीने घासा, नाहीतर आतला शर्ट फाटेल.

चुंबकाच्या प्लेटने भोकं पडत नाहीत, पण जाड लोकरीवर पकड कमी होते आणि गाडीचा पट्टा लागला की प्लेट सरकते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने ती लावू नये. चुंबक त्या यंत्रापासून किमान १५ सेंमी दूर असायला हवा आणि छातीवर ते अंतर मिळत नाही.

परिषदेचा बिल्ला आला तर

परिषदेत किंवा नागरी कार्यक्रमात आयोजक नावाचा स्टिकर किंवा गळ्यातली दोरी देतात. प्लेट आधीच असेल तर दुसरं नाव नको. लावणं भागच असेल तर बिल्ला उजवीकडे, प्लेटच्या खाली, खिशावर क्लिपने लावा. रिबनवर किंवा लेपलवर काहीही नको. स्टिकर कोटावर चिकटवू नका. लोकरीत गोंद उतरतो, आणि तो काढायला वापरलेल्या द्रावणाने रंग फिका पडतो. फोटो काढायच्या आधी दोरी खिशात घाला.

जपणं

इस्त्री किंवा वाफ देण्याआधी प्लेट उतरवा. प्लास्टिक उष्णतेने वाकतं, आणि एकदा वाकलेली प्लेट पुन्हा कधीच सपाट बसत नाही. ड्रायक्लीनला देतानाही काढा. पुसायला ओलं मऊ कापड आणि साबणाचा थेंब पुरे. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावला की चकाकी जाते. पितळेचं पॉलिश बटणांवर लावताना प्लेट अंगावर असेल तर ते काळ्या पृष्ठभागावर सुकून पांढुरके डाग पडतात. कोरलेल्या अक्षरांत बसलेली घाण मऊ टूथब्रशने काढा, सुईने खरवडू नका.

कोट महिनोन्महिने कपाटात राहणार असेल तर प्लेट, बिल्ले आणि रॅक सगळं उतरवून डबीत ठेवा, आणि पुठ्ठ्याचा साचाही त्याच डबीत टाका. पुढच्या वेळी जुन्याच भोकांत प्लेट बसवता येते.