वसंतातले ऊन आणि थकलेली बॅटरी
हिवाळाभर अर्धवट चार्ज राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचते. बॅटरी सोलर पॅनेलवर चार्ज होत असेल तर वसंतातले वाढलेले ऊन ते उतरवायला फार उपयोगी. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारे साधन) प्रत्येक सेल तपासा: २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व साधारण १.२६५ हवे. सेलांत ०.०३० हून जास्त फरक असेल तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे करणारा, मुद्दाम दिलेला जादा चार्ज) द्या. हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर ठेवा, ठिणगी दूर. बाकीचे पाणी चार्जिंग संपल्यावर शेवटीच. आधी भरले तर द्रव फुगून ॲसिड सांडते, रीडिंगही फसवे येते. जेल, एजीएम (दोन्ही सीलबंद प्रकार) आणि लिथियम बॅटरीला इक्वलायझिंग नको. गॉगल, रबरी हातमोजे हवेतच.