सात मात्रांची नवी रचना बँडवर बसवताना

सांगली-मिरजेकडच्या बँडमध्ये सूर सांगायचा तो पेटीच्या पट्टीनेच. म्हणून भूप रागावर बेतलेली, सात मात्रांच्या रूपक तालात बांधलेली नवी रचना घेतली असेल तर सा काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी) धरा. ब्रासला ही पट्टी सोयीची, आणि मिरजेचा जनानी (बायकांच्या पट्टीचा) तानपुराही तिथे सहज लागतो.

आधी कागद तपासा. कानावर काळी पाच यायची असेल तर फ्लूट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबाला काळी पाचच लिहायची. बाकीची वाद्यं लिहिल्याहून खालचा सूर देतात, म्हणून क्लॅरिनेट, ट्रंपेट, टेनर सॅक्सोफोनला पांढरी एक, आल्टो सॅक्सोफोनला पांढरी पाच, फ्रेंच हॉर्नला पांढरी चार. हॉर्न वाजवणारा नसला की त्याचा कागद आल्टोसमोर ठेवला जातो आणि सगळं सा ते रे एवढं खाली वाजतं. तो कागद तेवढाच चढवून नव्याने लिहा.

खरी गडबड तालात होते. वरातीत वर्षभर आठ मात्रांचा केरवा वाजवलेले हात सातव्या मात्रेनंतर आपोआप आठवी घालतात. पहिल्या तालमीला वाद्यं बाहेर काढूच नका. 'ती ती ना, धी ना, धी ना' हे तालाचे बोल सगळ्यांनी म्हणायचे, मिनिटाला 80 मात्रा, टाळी चौथीवर आणि सहावीवर. रूपकात सम (पहिली मात्रा) 'खाली'च्या, म्हणजे टाळी न देण्याच्या, जागी येते, तिथे हात नुसता उघडायचा. मोठा ड्रमवाला नेमका समेवर जोरात ठोकतो, कारण बाकीच्या तालांत तेच बरोबर असतं. त्याच्या कागदावर चौथी-सहावी लाल पेन्सिलीने गोल करून द्या. मास्तरांनी सात वेळा हात हलवू नये. तीनच ठोके दाखवायचे, पहिला लांब, पुढचे दोन आखूड. बोल पक्के झाल्याशिवाय लय वाढवू नका.

क्लॅरिनेट मधल्या धवरून वरच्या सावर जाताना चिरकतं. तिथे जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात आणि ती एकदम खाली यावी लागतात. एखादं भोक अर्धवट उघडं राहिलं की संपलं. उपाय सोपा आहे: ध वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधीच दाबून ठेवायची. धचा सूर त्याने फारसा बिघडत नाही.

सूर दहा मिनिटं फुंकल्यावरच मिळवा. वैशाखातल्या दुपारी फुंकवाद्यं चढतात, कीबोर्ड जागचा हलत नाही. चढलेला सूर ट्रंपेटने स्लाइड ओढून, क्लॅरिनेटने बॅरल (मुखाखालचा छोटा तुकडा) ओढून उतरवायचा, ओठ सैल सोडून नव्हे. सगळ्यांनी मिळून लांब धरलेल्या सुरांत गंधार (ग) ज्याच्याकडे असेल त्याने तो पेटीपेक्षा साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली ठेवावा. तानपुऱ्यातून ऐकू येतो तो गंधार तिथेच असतो.