गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकतोय म्हणून बंद करताय? या चुका टाळा

गिझर चालू असताना खालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून टप टप पाणी पडतं ना? आमच्याकडे पण पडायचं. प्लंबरला बोलावलं तर त्याने दोन मिनिटांत तिथे प्लग मारला, म्हणाला झालं काम, आणि आम्ही खूश. सहा महिने तसाच वापरला, आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, कारण ते लीकेज नव्हतंच! पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरचा गिझर २५ वरून ६० डिग्रीला गेला की साधारण २०० मिली पाणी जास्तीचं होतं आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे लाईनमध्ये जाऊ शकत नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. ते तोंड बंद केलं आणि नेमका थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की गिझर आपोआप बंद करणारा भाग, अडकला तर टाकी फुटू शकते हो. बारीक नळी लावून पाणी जाळीपर्यंत सोडा, बस. गिझर बंद असताना पण धार लागलेली असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय नाहीतर लाईनला प्रेशर जास्त आहे, उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांना हे होतं, कचरा असेल तर व्हॉल्व्ह साफ करून किंवा बदलून घ्या, प्रेशर जास्त असेल तर नुसता व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही, लाईनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

दुसरी चूक म्हणजे बोअर किंवा टँकरचं पाणी असून वर्षानुवर्षं गिझर न उघडणं. आतून खदखद, कडकड आवाज येतो, पाणी तापायला वेळ लागतो, तो क्षार असतो. २००० वॅटच्या १५ लिटर गिझरला वीसेक मिनिटं पुरायला पाहिजेत, पाऊण तास लागत असेल तर समजून जा. आमचा उघडला तेव्हा मगभर पांढऱ्या कपच्या निघाल्या, अगदी अंड्याच्या कवचासारख्या, आणि एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, तर चुन्यात बुडवून काढल्यासारखं. आणि अॅनोड रॉड! मेकॅनिक बरेचदा याचं नावच काढत नाहीत. मॅग्नेशियमची कांडी असते ती, टाकीच्या ऐवजी स्वतः झिजते, म्हणून टाकी गंजत नाही. आमच्या रॉडची नुसती तार उरली होती. जड पाणी असेल तर दरवर्षी उघडून बघायला सांगा, रॉड स्वस्त असतो, टाकी सडली तर अख्खा गिझर जातो.

सर्व्हिसिंग झालं की लगेच बटण दाबू नका. आधी गरम पाण्याचा नळ उघडा, सलग धार आली की टाकी भरली, मगच चालू करा, रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतं.

गिझर सारखा ट्रिप होतोय म्हणून रिसेटचं बटण परत परत दाबत बसू नका, थर्मोस्टॅट चेक करून घ्या. आणि नळाला हात लावल्यावर जरा जरी झिणझिण्या आल्या तरी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग बघा, एक्स्टेंशन बोर्डवर तर गिझर अजिबात नको, १६ अँपियरचा वेगळा पॉइंटच पाहिजे.

गॅस गिझरवाल्यांनो, प्लीज ऐका. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही. तो बाहेर मोकळ्या जागेत लावून घ्या, तोपर्यंत दार खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडी हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा.