घरात कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद निघाला तर तो नीट कसा बोलायचा

कोल्हापुरात आपल्या ख्रिस्ती घरांत आता लई सरमिसळ झालीय. माझं माहेर प्रोटेस्टंट, १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डर इथं आले त्या परंपरेतलं, आणि सासर कॅथलिक, अशी घरं आजूबाजूला बरीच आहेत. एरवी सगळं छान चालतं, पण लग्न ठरताना, बाळाचा बाप्तिस्मा असला की किंवा कुणी वारलं की विषय निघतोच. २ नोव्हेंबरला, म्हणजे कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, सासरची माणसं कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करतात आणि माहेरचं कुणीतरी विचारतं, हे बायबलमध्ये कुठाय दाखवा, मग आवाज चढतात आणि नंतर पै-पाहुणे महिना-महिना बोलत नाहीत. म्हणून हे लिहितेय, कारण हा विषय टाळण्यासारखा नाहीच, फक्त नीट बोलायला पाहिजे.

पहिलं काम म्हणजे दोन्ही बायबल टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा, खरंच ठेवा, मोबाईलवर नको. दानीएलचं पुस्तक उघडा. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते १२ अध्यायांत संपतं, कॅथलिक बायबलमध्ये १४ अध्याय आहेत, तेराव्यात सुसान्नाची गोष्ट येते. मग अनुक्रमणिका बघा. नव्या करारात दोघांकडं २७ पुस्तकं, तिथं काही वादच नाही. जुन्या करारात प्रोटेस्टंटांची ३९, कॅथलिकांची ४६, म्हणजे एकूण ६६ आणि ७३. जास्तीची सात म्हणजे तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, सिराक, बारूख आणि मक्काबींची दोन, शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये वाढीव भाग. हे बघितल्याशिवाय "बायबलमध्ये दाखवा" म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण दोघांच्या हातातलं पुस्तकच पूर्ण सारखं नाही.

आता त्याच टेबलावर २ मक्काबी १२, म्हणजे कॅथलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचा, मोठ्यानं वाचा. लढाईत पडलेल्या शिपायांना पुरायला जातात तर त्यांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, मग त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी लोकांकडून चांदी गोळा करतो आणि मेलेल्यांच्या पापासाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवतो. कबरस्तानातल्या प्रार्थनेमागचा एक मोठा आधार हा आहे. १५१९ ला जर्मनीतल्या लाइपझिगच्या वादात योहान एक्क या कॅथलिक पंडितानं, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरपुढं हाच उतारा ठेवला, आणि लूथरचं म्हणणं पडलं की या पुस्तकावरून सिद्धांत ठरवता येत नाही. म्हणजे आपल्या घरातला वाद ५०० वर्षांपूर्वी असाच्या असा झालाय.

इथं दोन्हीकडून एक-एक चुकीचं वाक्य हमखास येतं, ते तिथंच थांबवा. एक म्हणजे "लूथरनं सात पुस्तकं फाडून टाकली". नाही, १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ती होती, दोन करारांच्या मध्ये वेगळी छापलेली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत असं सांगून. दुसरं म्हणजे "ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिकांनी ती नवीन घातली", म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेत. हेही नाही, उत्तर आफ्रिकेतली ३९३ ची हिप्पोची आणि ३९७ ची कार्थेजची परिषद, दोन्हींच्या यादीत ती होती, बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमसारख्या विद्वानाला मात्र तेव्हाच शंका होती. ट्रेंटनं ८ एप्रिल १५४६ ला ती यादी बंधनकारक केली, एवढंच.

मग खरा प्रश्न कुठला, तर शेवटचा शब्द कुणाचा, फक्त बायबलचा की चर्चचाही. माझ्या मते सगळा वाद इथं येऊन थांबतो आणि आपण मात्र मूर्ती, मेणबत्त्या, मरिया माता यावरच भांडत बसतो. यासाठी एक नियम घरात पाळा, की समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडायचं आणि त्यानं "हो, हेच म्हणायचंय मला" म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

प्रोटेस्टंटाचं म्हणणं मांडताना "हे परंपरा मानत नाहीत" असं म्हणू नका. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली, तेही म्हणतात, चर्च चालवणाऱ्या वडिलांची (एल्डरांची) सभा त्यांच्याकडंही आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की सभा चुकू शकते, परिषद चुकू शकते, न चुकणारा निकष फक्त शास्त्र म्हणजे बायबल, म्हणून प्रत्येक शिकवण शास्त्रावर तपासायची. आणि कॅथलिकांचं मांडताना "हे पोपला देव मानतात, तो म्हणेल ते खरं" असलं काही नको. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं जे ठरवलं ते पोप श्रद्धा आणि नीतीबद्दल सगळ्या चर्चसाठी अधिकृतपणे शिकवण जाहीर करतात तेवढ्यापुरतं आहे, आणि त्यानंतर तसं एकदाच झालं, १९५० ला, मरियेच्या स्वर्गात घेतलं जाण्याबद्दल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ ला तर स्पष्ट सांगितलं की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे.

वचनं फेकून मारू नका. २ तीमथ्य ३:१६, म्हणजे सगळं शास्त्र देवानं प्रेरित आहे हे वचन, एकानं म्हटलं की दुसरा २ थेस्सल २:१५ काढतो, तिथं पौल तोंडी आणि पत्रानं शिकवलेलं दोन्ही धरून ठेवा म्हणतो. दोन्ही आख्खे अध्याय वाचा, मागचं-पुढचं सोडून नको.

त्यापेक्षा अवघड प्रश्न स्वतःच्या बाजूला विचारा. प्रोटेस्टंटानं स्वतःला विचारावं, २७ पुस्तकांची यादी बायबलच्या कुठल्या पानावर आहे? ३६७ च्या पत्रात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस यानं ती दिली, म्हणजे चर्चनंच ओळखली ना? कॅथलिकानं विचारावं, १९५० ची शिकवण शास्त्रात स्पष्ट कुठं दिसते, आणि मार्क ७ मध्ये येशू माणसांच्या परंपरेबद्दल बोलतो ते मला कुठं लागू होतं? दोघांकडं उत्तरं आहेत, पण ती शोधताना माणूस जरा नरम होतो, हे मी घरात बघितलंय. आमच्या सासूबाई आणि माझे काका आता एकमेकांना फोन करून अध्याय विचारतात.

पोरांच्या लग्नाचं असेल तर मात्र चर्चेवर सोडू नका, तारीख धरायच्या आधी फादर आणि पाळकसाहेब दोघांनाही भेटा. कॅथलिक बाजूला अशा लग्नाला परवानगी घ्यावी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून शक्य ते सगळं करीन असं कॅथलिक वधू किंवा वराला वचन द्यावं लागतं, हे दुसऱ्या घराला आधीच माहीत पाहिजे, हॉल बुक झाल्यावर नको. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, परत करत नाही, म्हणून जुना बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा, आणि सापडला नाही तर ज्या चर्चमध्ये झाला तिथल्या रजिस्टरमधून नवीन काढून घ्या.