जुन्या रायफलची रास्त किंमत कशी ठरवावी

ग्वाल्हेरात घरातली .३१५ बोअरची (नळीच्या आतील व्यासाचे माप) रायफल विकायची असल्यास त्याच बनावटीच्या नव्या रायफलच्या आजच्या दरापासून हिशेब सुरू करावा. ती रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून नळी उजेडासमोर धरावी. आतील पिळाच्या, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचांच्या, कडा स्पष्ट व चकचकीत असतील तर दर टिकतो, पण गंजाचे खड्डे दिसले, तर दस्त्याला कितीही पॉलिश असले तरी, माझ्या मते, निम्म्याहून अधिक मागणे अन्यायाचे आहे. घराण्याच्या आठवणींचे मोल खरेदीदाराकडून वसूल करू नये. खरेदीदाराकडे योग्य परवाना हवाच. शिवाय जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीबद्दल लेखी कळवल्यावर किमान ४५ दिवस थांबावे लागते, म्हणून ठरलेली रक्कम आधीच लिहून ठेवावी.