आखाजीला सुरुवात, कानबाईला फरक : चेहऱ्याची लाली आणि मुरमांचे डाग कसे कमी करावेत

जळगाव-भुसावळकडे लग्नसराई आणि ४५ अंशांचं ऊन एकदमच येतं. दर वर्षी लग्न आठ दिवसांवर आलं की घरातली एखादी पोरगी आरसा घेऊन माझ्याकडे येते. ‘आत्या, हळदीपर्यंत हे डाग जातील का?’ हळदीपर्यंत नाही जाणार, बाई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरुवात केलीस तर श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत लोकांना फरक दिसेल. मुरूम बसल्यावर मागे राहिलेला डाग फिकट व्हायला महिने लागतात. आठ दिवसांत चेहरा उजळवणारी वस्तू मिळालीच, तर तिच्यात काय घातलंय ते आधी बघायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी डाग ओळखा

पारदर्शक काचेचा ग्लास घ्या आणि त्याचा बूड डागावर हलकेच दाबा. रंग फिका पडला, तर तो डाग लाल आहे. मुरमाच्या सुजेने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. रंग तसाच राहिला, तर डाग तपकिरी आहे आणि तिथे रंगद्रव्य साचलंय. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर हाच प्रकार जास्त. लालसुद्धा आपल्यावर कधी कधी जांभळट दिसतो, म्हणून ग्लास लावूनच ठरवावं. बोटाला खड्डा लागत असेल, तर कुठल्याही क्रीमने तो भरत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं लागतं.

डाग नाहीत, पण नाक-गाल कायम लाल असतात, झणझणीत शेवभाजी खाल्ली किंवा उन्हातून आलं की भडकतात, बारीक शिरा दिसतात, असं असेल तर तो रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल ठेवणारा कातडीचा आजार, असू शकतो. लालीबरोबर सांधे दुखत असतील किंवा ताप येत असेल, तर घरी काहीच न करता डॉक्टरांना दाखवा.

मग जे लावताय ते थांबवा

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. अकरावीत असताना मी लिंबाची फोड गालावर चोळून गच्चीवर पापड वाळत घालायला गेले होते. संध्याकाळपर्यंत गाल भाजल्यासारखा झाला आणि जिथे आधी दोन डाग होते तिथे तळहाताएवढा काळा पट्टा उमटला. लिंबाचा रस कातडीपेक्षा कितीतरी जास्त आंबट असतो, शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हात कातडी जाळतात. खाण्याचा सोडा याच्या उलट, पण तोही घातकच. टूथपेस्ट, अक्रोडाच्या भुकटीचे स्क्रब, खसखसून लावलेलं बेसन, सगळं बंद. तपकिरी डागाला जितकं घासाल तितका तो गडद होतो.

केळीच्या सालीचं खूळ रावेर-यावलकडे जास्त, कारण सालीला तोटा नाही. तिने डाग जात नाहीत. साल म्हशीला घाला. हळद लग्नात लागणारच. लागू द्या, फक्त फुटलेल्या मुरमावर नको.

आता मेडिकलवरून आणलेली ती ट्यूब. मैत्रिणीने सांगितलेली, चार दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते, नवे मुरूम येतात आणि ट्यूब सोडताच चेहरा लालबुंद होऊन जळतो. म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली, तरी गल्लीतल्या काउंटरवर ती सहज मिळतात. बरेच दिवस लावली असेल, तर स्वतःहून एकदम बंद करू नका. कशी सोडायची ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील.

चेहरा थंड आणि स्वच्छ ठेवा

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, त्यावर बिनसुगंधी मॉइश्चरायझर. लाली चढली की माठाच्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट घासू नका. कोरफड चालते, पण पान कापून उभं ठेवा आणि पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. खाज सुटते ती त्या चिकाने.

स्कूटीवर बांधायचा स्कार्फ आणि पुरुषांचा बागायती रुमाल रोज धुवायचा. घामेजलेलं कापड दिवसभर गालावर घासलं की तिथेच नवे मुरूम येतात. आणि भरिताच्या मिरच्या ठेचलेला हात! साबणाने धुतला तरी तिखट पूर्ण जात नाही. हाताला आधी तेल चोळा, मग साबण लावा, आणि तरीही दोन-तीन तास तोंडाला हात नको. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर काम करणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नाही.

सनस्क्रीन, रोज

याच्याशिवाय बाकी सगळं पाण्यात. एसपीएफ ३० किंवा जास्त. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून भागत नाही. घराबाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. तपकिरी डाग असतील, तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही आपल्या कातडीवरचे डाग गडद करतो. पातळ ओढणीवर विसंबून राहू नका.

मग एकच औषध

दोन आठवडे एवढंच केल्यावर औषधाला हात घाला. लाल आणि तपकिरी दोन्हींसाठी मी अझेलाइक अॅसिडचं मलम सुचवेन. सुरुवातीला थोडं चुणचुणतं. नायसिनामाइड (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) त्याहून सौम्य, ४-५ टक्के पुरे. नवे मुरूम येतच असतील तर डॉक्टर रात्री लावायला अॅडापलीन देतात. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते घेऊ नका, आधी सांगा. कुठलंही नवं औषध आधी दोन-तीन दिवस जबड्याखाली थोडं लावून बघा. दोन औषधं एकाच आठवड्यात सुरू केली, तर आग कुणामुळे होतेय ते कळत नाही.

आरशात रोज बघून फरक दिसणार नाही. महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, त्याच खिडकीशी, फिल्टर न लावता फोटो काढा. मग पहिला फोटो चौथ्याशेजारी ठेवून बघा.