गप्पीचं बाळंतपण, नागपूरच्या उन्हाळ्यात

गप्पी माशाच्या मादीचं पोट फुगलं की लगेच बाळंत होते असं समजू नका, जास्त खाल्ल्यानंही फुगतं. शेपटीजवळचा काळा डाग गडद झाला, पोट समोरून चौकोनी दिसायला लागलं आणि ती कोपरा धरून बसली, की दिवस भरले. साधारण 4 आठवडे लागतात. नर काढून टाकला तरी पुढचे काही महिने पिल्लं होत राहतात. मादी नराचं बीज साठवून ठेवते.

जाळीच्या पेटीत मादीला 8 दिवस आधीच कोंडण्याची चूक मी केली. घाबरून ती खाईना. आता टाकीतच हायड्रिला ही पाणवनस्पती दाट सोडतो, पिल्लं त्यात लपतात. नाहीतर आईच गिळते, तिला काय माया बाप्पा!

पोट्टे वेगळ्या टबात काढले की उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, चिमटीच्याही चिमटीएवढा, दिवसातून 3-4 वेळा. उरलेला तासाभरात काढा, नाहीतर पाणी नासतं. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून, रोज थोडंच बदला.

मे महिन्यात खरी परीक्षा. बाहेर 45 अंश, पाणी 30 च्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. टब कूलरच्या खोलीत ठेवा, एअर पंप चालू. बर्फ टाकू नका, एकदम गार झालं की पिल्लं दगावतात.

जास्त झाले तर मित्रांना वाटा, फुटाळा तलावात सोडू नका.